पिंप, पोळे आणि सक्ती : मर्ढेकरांच्या एका कवितेची प्रतिमासृष्टी

बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहातील उंदरांची कविता मराठी नवकवितेच्या दारावरची पाटी होऊन बसली आहे. सतराअठरा लहान ओळींची ही कविता, ज्यांनी मर्ढेकरांचे दुसरे काही वाचलेले नाही त्यांनाही ठाऊक असते. आणि ठाऊक असते म्हणूनच ती सहसा वाचली जात नाही. तिचा अर्थ ठरून गेला आहे. उंदीर म्हणजे महायुद्धोत्तर काळातील सामान्य माणूस, पिंप म्हणजे महानगर, बेकलाइट म्हणजे यंत्रसंस्कृतीतील कृत्रिमता. ही तीन समीकरणे वर्गांतून, मार्गदर्शिकांतून आणि उत्तरपत्रिकांतून इतकी फिरली आहेत की त्यांना अर्थ न म्हणता चलन म्हणावे. ती चुकीची आहेत असे नव्हे. अडचण अशी की ती हाती आल्यावर कवितेची गरज उरत नाही. उंदरांऐवजी किडे, पिंपाऐवजी पेटी, बेकलाइटऐवजी कागद घातला तरी समीकरण तितकेच खरे राहते. कविता मात्र राहत नाही.

प्रतीक आणि प्रतिमा यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. प्रतीकात वस्तू आपला अर्थ दुसऱ्याला देऊन मोकळी होते. प्रतिमेत वस्तूला तसे सुटता येत नाही. तिचा ओलसरपणा, तिचा टणकपणा, उष्णतेत ती वितळते की घट्ट होते, तिचे तोंड केवढे असते, हे सारे अर्थात सामील असते. मर्ढेकरांच्या या कवितेची चर्चा दीर्घकाळ प्रतीकाच्या अंगाने झाली. विजया राजाध्यक्ष यांच्या 'मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ' (१९९१) या विस्तृत अभ्यासानंतर संदर्भांची वाण राहिली नाही, पण संदर्भ जितके वाढले तितकी या एका कवितेतील वस्तूंकडे वस्तू म्हणून पाहण्याची निकड काही वाढली नाही.

हे पाहणे कोठून करावे, हा प्रश्न दिसतो तितका गौण नाही. ही कविता मुंबईची म्हणून वाचली गेली, आणि तिचे अर्थही मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय अनुभवातून निघाले. ज्या वाचकाच्या लेखी पिंप ही न्हाणीघराच्या कोपऱ्यातील एक अडगळ आहे, त्याला पिंपाचे महानगर करणे सोपे जाते. परंतु ज्या प्रदेशात पिंप ही उपजीविकेची, भीतीची आणि पाण्याची वस्तू आहे तेथे ही कविता नेली तर काय होते? पालघर, बोईसर आणि तारापूर हा असा प्रदेश आहे. पश्चिम रेल्वेच्या रुळांजवळ बोईसरची औद्योगिक वसाहत, तिच्यातील रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने; समुद्रकाठी १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र; त्यापलीकडे चिंचणी-तारापूरची जुनी वस्ती आणि किल्ला; वसाहतीचे सांडपाणी जेथे समुद्रास मिळते तो नवापूरचा किनारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या सर्वंकष निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर ९३.६९ गुण मिळवून सर्वांत वर होते. आणि हे 'वर' असणे कोणत्या अर्थाचे आहे ते सांगण्याची गरज नाही. मर्ढेकरांचा या प्रदेशाशी काही संबंध होता असे येथे सुचवायचे नाही. कवीचा संबंध शोधणे ही चरित्रकाराची निकड. समीक्षेला एवढेच पाहायचे आहे की कवितेतील वस्तू जेथे रोज हाताळल्या जातात तेथे कविता अधिक बोलते की कमी.

प्रारंभ शब्दापासून करावा. 'पीप' किंवा 'पिंप' हा शब्द मराठीत पोर्तुगीजातून आला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि वसई मराठ्यांच्या हाती येईपर्यंत उत्तर कोकणच्या या पट्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ले गेले, शब्द राहिले. पिंप हे मूळचे व्यापाराचे, गलबताचे भांडे. ते घरात घडले नाही, बंदरातून घरात आले. कुंभाराच्या चाकावर जन्मलेले मडके आणि तांबटाच्या हातोडीखाली आकारलेला हंडा यांना जशी घरगुती वंशावळ आहे तशी पिंपाला नाही. त्याच्यात आधी काहीतरी दुसरे असते, ते रिकामे होते, आणि मग घर त्यात पाणी साठवते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास आजही हाच क्रम चालतो : कारखान्यातून रिकामी झालेली पिंपे धुतली जातात, विकली जातात, आणि घरामागे पाण्याने भरून उभी राहतात. आधीच्या वस्तूची स्मृती धुऊन जाते की नाही, हा प्रश्न तेथे काव्यात्म नसतो.

मराठी कवितेला पात्राची प्रतिमा नवी नाही. संतपरंपरेने देहाला घट म्हटले. घट फुटला की घटाकाश महाकाशाला मिळते, हा वेदान्ताचा दृष्टान्त कीर्तनाकीर्तनांतून सर्वांच्या परिचयाचा झाला. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासासाठी ज्यांचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते त्या सोनोपंत दांडेकरांच्या नावाचे महाविद्यालय पालघरात आहे. त्या परंपरेचा कान असलेल्या वाचकाला पात्राच्या प्रतिमेत फुटण्याची अपेक्षा आपोआप ऐकू येते. मर्ढेकर स्वतः संतकवितेच्या किती जवळचे होते हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच या कवितेत त्यांनी मडके न घेता पिंप घेतले ही निवड अर्थपूर्ण ठरते. पिंप फुटत नाही. त्याच्या आत जे आहे ते आतच राहते; बाहेरच्या आकाशाशी त्याचा मिलाफ होण्याची वाट वस्तूनेच बंद केली आहे. मृत्यू आहे, पण मृत्यूबरोबर येणारी सुटका नाही. उंदीर मेल्यावरही पिंपातच आहेत. हा अर्थ 'पिंप म्हणजे महानगर' या समीकरणातून मिळत नाही. तो पिंपाच्या धातूतून मिळतो.

आता व्याकरण. पहिल्याच ओळीत 'ओल्या' हे विशेषण येते. त्याचे रूप सामान्यरूप आहे. म्हणजे ते पिंपाचे आहे, उंदरांचे नव्हे. उंदरांचे असते तर ते 'ओले' झाले असते. परंतु कवीने हे विशेषण आपल्या विशेष्यापासून उचलून मध्ये क्रियापद टाकले, आणि ते थेट उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवले. व्याकरण सांगते, ओले पिंप. कान सांगतो, ओले उंदीर. ओल एका वस्तूतून दुसरीत झिरपावी तशी ती येथे एका नामातून दुसऱ्यात झिरपते. शब्दक्रमाची ही उलथापालथ वृत्तासाठी केली, असे उत्तर पुरेसे नाही. कविता सोळा मात्रांच्या, आठ-आठांत विभागणाऱ्या पादाकुलकाच्या चालीवर आहे. त्या चालीत हे शब्द दुसऱ्या क्रमानेही बसले असते. ओल पसरण्यासाठी हा क्रम आहे. आणि ही ओल कवितेच्या अखेरपर्यंत वाळत नाही, हे पुढे पाहायचे आहे.

येथे तारापूरच्या वाचकापुढे पहिला मोह उभा राहतो. पिंप, ओल, मेलेले जीव : त्याच्या परिसरात या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचे एकच वाचन होते. नाल्यात सोडलेले पाणी, उलट्या पोटाने वर आलेले मासे, कोणी केले याचा शोध, मोर्चा, नोटीस, दंड. हे वाचन जीवनात पूर्णतः न्याय्य आहे. कवितेत ते एका जागी अडते. उंदरांच्या माना कोणी पिरगळलेल्या नाहीत. कवी हे मुद्दाम सांगतो. माना पडल्या आहेत, पाडलेल्या नाहीत. क्रियापद अकर्मक आहे. पुढे एक उचकी येते, तीही उंदरांचीच. सबंध कवितेत मारणारा कर्ता कोठेही नाही. ज्या वाचनाला अपराधी हवा आहे ते वाचन या रिकाम्या जागेत एखादा अपराधी बसवू पाहते : भांडवलशाही, यंत्रयुग, महायुद्ध, कारखानदार. प्रत्येक पिढीने आपापला अपराधी तेथे बसवला. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले, १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत स्फोट झाला, ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा झाले. या सर्वांची सावली १९४७ च्या संग्रहावर आहे हे खरेच. त्याच तर्काने पुढे जाऊन, अणुभट्टीतील वापरलेले इंधन पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात म्हणून ओले पिंप म्हणजे अणुयुग, असेही तारापुरात बसून म्हणता येईल. ते चमकदार होईल आणि निरर्थक होईल. कारण त्या वाचनात कवितेचा एकही शब्द अधिक स्पष्ट होत नाही. प्रतिमेला नवा परिसर मिळाला की तिचा अर्थ आपोआप वाढतो, हा भाबडा समज आहे. कविता काही गोष्टी आत घेते, काही दाराशीच थांबवते.

ज्या गोष्टीला ती मोकळेपणाने आत घेते ती म्हणजे बेकलाइट.

उत्तरार्धात कवी उदासतेला विषारी डोळे देतो आणि लगेच ते काचेचे असल्याचे सांगून ते विष काढून घेतो. त्यामागून ओठांवर मधाचे पोळे येते, आणि तेही 'बेकलायटी' निघते. हा शब्द दोनदा येतो, पाठोपाठ, उद्गारासह. 'कृत्रिम' एवढा एकच अर्थ या ठिकाणी आजवर घेतला गेला. पण कृत्रिम वस्तू शेकडो होत्या. सेल्युलॉइड होते, रेयॉन होते, नकली मोती होते. मग बेकलाइटच का?

मूळच्या बेल्जियमच्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने हे पदार्थरूप १९०७ साली सिद्ध केले आणि १९०९ साली जाहीर केले. (त्याच १९०९ साली मर्ढेकर फैजपूरला जन्मले, योगायोगापलीकडे यात काही नाही.) फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून हे राळेसारखे द्रव्य तयार होते. त्याचा विशेष असा की उष्णता आणि दाब दिल्यावर ते साच्यात एकदा घट्ट होते, आणि मग पुन्हा कितीही तापवले तरी मऊ होत नाही. फार तापवले तर करपते, वितळत नाही. विजेच्या बटणांत, कुकरच्या मुठींत ते आजही असते. रसायनाच्या कारखान्यात राळेशी ज्याचा संबंध येतो त्याला हा भेद धड्यातून शिकावा लागत नाही : काही द्रव्ये तापवली की परत वाहतात, काही एकदाच वाहतात. आजचे निळे प्लास्टिकचे पिंप पहिल्या जातीचे. ते वितळवून पुन्हा पिंप करता येते. बेकलाइट दुसऱ्या जातीचे.

आता पोळ्याकडे पाहावे. पोळे मेणाचे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ज्यांनी पोळे उतरवलेले पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की ते हाताच्या उबेनेही मऊ पडते. मेण वितळण्यासाठीच जणू जन्मलेले असते. पोळे आणि बेकलाइट यांचा रंग एक असू शकतो, तोच मधासारखा पिंगट-तपकिरी. दोहोंवर तीच तुळतुळीत झाक येऊ शकते. डोळ्यांना दोन्ही एक. उष्णतेखाली मात्र दोन्ही एकमेकांच्या उलट वागतात : एक विरघळते, दुसरे कायमचे कडक होते. आणि ही प्रतिमा कोठे ठेवली आहे? ओठांवर. जेथे दोन ओठ मिळाल्याचे कविता आधी सांगून गेली आहे, जेथे उष्णता असावी अशी शृंगाराची परंपरा सांगते, नेमके तेथे असे द्रव्य आहे की जे उष्णतेने विरघळण्याऐवजी गोठते. चुंबनाने मेण वितळते; बेकलाइट आणखी घट्ट बसते. हे केवळ 'कृत्रिम प्रेम' नव्हे. हे असे प्रेम आहे की ज्याची ऊबच त्याचा कडकपणा वाढवते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात काव्यातील दोन वस्तूंच्या नात्यासाठी 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा येते : दोन वस्तू दिसण्याने सारख्या नसून भावनेच्या पातळीवर तुल्य असल्या की कवी त्या एकत्र आणतो, असा तिचा आशय. उंदरांची कविता या संज्ञेचे उदाहरण म्हणून हमखास देता येते. परंतु पोळे आणि बेकलाइट ही जोडी तिच्यात नीट मावत नाही. येथे दिसण्यात साम्य आहे आणि स्वभावात वैर आहे; म्हणजे मामला उलटा आहे. या जोडीचे स्पष्टीकरण त्यांच्या लयतत्त्वाकडून अधिक चांगले मिळते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांपैकी संवाद डोळ्यांत, विरोध द्रव्यात आणि समतोल मात्रांत, असे हे जमून आले आहे. 'बेकलायटी' हा शब्द मोजून आठ मात्रांचा भरतो. एका परकीय व्यापारी नावाला मराठी ईकारान्त विशेषण करून कवीने जुन्या चालीचा अर्धा चरण त्यात तंतोतंत बसवला, आणि तो दोनदा म्हणून पूर्ण चरण केला. सोळाच्या सोळा मात्रा बेकलाइटच्या. त्याआधीच्या काच-पोळ्याच्या ओळीत मात्र त्याच सोळा मात्रा कागदावर मधोमध मोडून दोन तुकड्यांत मांडल्या आहेत. मेणाचा चरण तुटतो, बेकलाइटचा अभंग राहतो. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा लेखक हयात नव्हता. त्यातील सिद्धान्तांवर नंतर पुष्कळ वाद झाला, पण सिद्धान्तकार मर्ढेकरांना कवी मर्ढेकरांनी कोठे कोठे ओलांडले याची अशी लहान उदाहरणे त्या वादात फारशी आली नाहीत.

बेकलाइटविषयी आणखी दोन गोष्टी सांगता येतील. त्यांतील पहिली धरावी, दुसरी सोडावी. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. त्या काळी रेडिओसंचाची पेटी बेकलाइटची, दूरध्वनीचा बोलण्याचा भाग बेकलाइटचा. माणसाचे ओठ आणि हे द्रव्य यांची गाठ तेव्हाच्या शहरात प्रत्यक्ष पडत होती. तोंडाशी बेकलाइट धरल्याशिवाय दूरच्या माणसाशी बोलता येत नव्हते. ओठांवरचे बेकलाइट ही त्यामुळे अमूर्त कल्पना नव्हे, ती पाहिलेली गोष्ट आहे. दुसरी गोष्ट अशी की फिनॉल म्हणजेच कार्बोलिक, जे १८९६ नंतरच्या प्लेगात, उंदीर मरू लागले की मुंबईच्या गल्ल्यांतून ओतले जाई. आणि फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील रूप प्रेते टिकवण्यासाठी वापरतात. म्हणजे बेकलाइटच्या दोन्ही मातापित्यांना मरणाचा वास आहे. बोईसरच्या कारखान्यातला एखादा रसायनज्ञ हा धागा चटकन पकडेल, आणि तो मोहक आहे यात शंका नाही. पण कवितेतील एकही शब्द वासाकडे बोट दाखवत नाही. उष्णतेचा गुण ओठांनी मागितलेला आहे. वासाचा गुण कोणी मागितलेला नाही. अर्थनिर्णयनात ज्ञान हे परवान्यासारखे वापरता येत नाही.

आता कवितेच्या मधल्या दोन ओळी. जगण्याचीही सक्ती आणि मरण्याचीही सक्ती, असे त्या सांगतात, आणि त्या इतक्या उद्धृत होतात की सुभाषित होऊन गेल्या आहेत. सुभाषित झालेल्या ओळीचे नुकसान असे की तिच्यातील शब्दांचे शेजारी दिसेनासे होतात. 'सक्ती' या शब्दाचा शेजारी पहिल्या कडव्यात बसला आहे : तेथे उंदरांच्या माना आसक्तीवाचून पडल्या होत्या. आसक्ती आणि सक्ती. कानाला एकाच कुळातले वाटणारे हे दोन शब्द वास्तविक परस्परांचे कोणी लागत नाहीत. 'आसक्ती' संस्कृत, चिकटून राहण्याच्या धातूतून आलेली, गीतेपासून ओव्या-अभंगांपर्यंत वावरलेली. 'सक्ती' फारसी, कडकपणाच्या अर्थाची, दप्तरातून आलेली. आसक्ती आतून येते, सक्ती बाहेरून. एक मोक्षशास्त्राचा शब्द, दुसरा महसूल खात्याचा. संत सांगत होते, आसक्ती सोडा म्हणजे मोकळे व्हाल. या कवितेत उंदरांची आसक्ती सुटलेलीच आहे. ती सुटल्यावर जे हाती राहते ते मोकळेपण नसून सक्ती आहे. एक 'आ' गळून पडला एवढाच फरक. विरक्तीची सगळी परंपरा या एका अक्षराच्या गळण्यात उलटी होते, आणि हे कवीने कोठेही उघड सांगितलेले नाही.

'पण' या अव्ययाचे कामही असेच मूक आहे. ते या दोन ओळींत दोनदा आणि काचेच्या डोळ्यांपाशी तिसऱ्यांदा येते. पहिल्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ 'सुद्धा', तिसऱ्या ठिकाणी 'परंतु'. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात मराठी आणि गुजराती एकमेकींच्या अंगणात वावरतात, आणि दोहोंतही 'पण' हे दोन्ही अर्थ वाहते. तेथील कानाला पहिल्या ओळीतले 'पण' सहज 'सुद्धा' म्हणून ऐकू येते. ग्रांथिक मराठीच्या कानाला तेथे क्षणभर 'परंतु' ऐकू येतो, आणि जगण्याची सक्ती ही कोणत्या तरी आधीच्या, न उच्चारलेल्या वाक्याला दिलेले प्रत्युत्तर वाटते. दोन्ही ऐकणी टिकतात. बोलीचा कान असणाऱ्याला मात्र एक गोष्ट अधिक मिळते : जगणे आणि मरणे यांच्यात येथे विरोध नाही, बेरीज आहे. हेही सक्तीचे, तेही सक्तीचे. विरोध फक्त काचेपाशी आहे.

सक्ती या शब्दापाशी तारापूरचे वाचन परत येते, आणि या वेळी कविता त्याला अडवत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या; त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. ज्या भागात जमीन अशा रीतीने जाते तेथे 'सक्तीचे संपादन' हा शब्दप्रयोग कवितेतून नव्हे, सूचनापत्रातून कळतो. अशा सूचनापत्राची भाषा आठवून पाहावी. संपादन करण्यात येत आहे. ताबा घेण्यात येईल. मोबदला देण्यात यावा. कर्ता नाही. कोण संपादन करतो, कोण ताबा घेतो हे वाक्यरचनाच झाकून टाकते. क्रिया आपल्या आपण घडत असल्यासारखी वाचली जाते. आणि मर्ढेकरांची सक्तीही नुसती 'आहे'. ती कोणी केलेली नाही, कोणी लादलेली नाही. ती हवामानासारखी आहे. माना जशा पिरगळल्याशिवाय पडल्या तशीच ही सक्ती कोणी केल्याशिवाय आहे.

मघाशी कवितेने तारापूरच्या वाचकाला अपराध्याचे नाव दिले नव्हते. येथे ती त्याला दुसरे काही देते. अपराधी नसणे हा कवितेचा अपुरेपणा किंवा कवीचे नियतिवादी दुबळेपण नव्हे. मरण घडते आणि मारणारा सापडत नाही, ही आधुनिक व्यवस्थेची वाक्यरचना तिने आपल्या व्याकरणात पकडली आहे. पुरोगामी समीक्षेने मर्ढेकरांवर निराशावादाचा आरोप अनेकदा केला. त्या आरोपाला या कवितेपुरते उत्तर विचारसरणीत शोधण्यापेक्षा अकर्मक क्रियापदांत शोधावे. प्रदूषणाचा विषय कवितेत शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. सूचनापत्राची भाषा ओळखीची असलेला वाचक मात्र तिच्यात असे काही ऐकतो की जे महानगरी भाष्यकारांच्या कानाआड गेले. परिसराचा कवितेवरचा हक्क विषयातून सिद्ध होत नाही. झाला तर शब्दाच्या वळणातून होतो.

उरते अखेरचे क्रियापद. पहिल्या ओळीत उंदीर मेले होते. शेवटच्या ओळीत ते 'न्हाले' आहेत, आणि हेही दोनदा. बेकलाइटप्रमाणे न्हाणेही द्विरुक्त आहे, तेही उद्गारांसह. कृत्रिमतेच्या समीकरणात या क्रियापदाला जागाच नाही, त्यामुळे त्यावर कोणी फार थांबत नाही. उपरोध म्हणून ते निकालात निघते. वास्तविक कवितेतील सर्वांत घरचा शब्द हाच. मराठीत अंघोळ रोजची, न्हाणे प्रसंगाचे. हळदीचे न्हाणे, बाळंतिणीचे न्हाणे, मुलगी वयात आल्याचे न्हाण, दिवाळीच्या पहाटेचे न्हाणे. आणि मृतालाही अखेर न्हाऊ घालतात. जन्म, काम आणि मरण या तिन्ही दारांत हा एकच शब्द उभा असतो. कवितेत याची तयारी आधीच झाली आहे. मधल्या कडव्यात दिवस अंगांग धुऊन घेतो, लिंगासकट. ज्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ज्यातून कवी निर्दोष सुटला, त्यातले हे धुणे आजही वर्गात घाईने ओलांडले जाते. त्या घाईमुळे धुण्यापासून न्हाण्यापर्यंतची वाट बुजून जाते.

सुतकाचे पाणी जिवंतांसाठी असते. मेलेल्याचा विटाळ ज्याला लागला त्याने न्हायचे, अशी रीत. या कवितेत मेलेले स्वतःच न्हातात. कारण विटाळ मानायला, तो धुऊन टाकायला, काठावर दुसरे कोणी शिल्लक नाही. आरंभी जी ओल पिंपाची होती, शब्दक्रमाने जी उंदरांपर्यंत झिरपत आली, ती आता त्यांचे न्हाण झाली आहे. आणि ओठ मिळाल्याची ओळ पुन्हा आल्यामुळे हे न्हाण लग्नाचे की प्रेताचे हे ठरवता येत नाही. 'मिळाले' आणि 'न्हाले' यांचे यमक जुळते. चार मात्रा, पुन्हा चार मात्रा : चरण भरला. पिंप तसेच उभे आहे, पाण्यासह.